बेलची निळी वायर

ता. ४ फेब्रुवारी, मंगळवार

ती. वन्सं,

नमस्कार. आई बऱ्या आहेत, गुडघा तेवढा जिना चढताना कुरकुरतो. तुमचे भाऊ मजेत आहेत. म्हणजे जेवतात, झोपतात आणि माझ्याशी कामापुरतं बोलतात. इकडचं कुशल एवढंच. तुमचं कसं चाललंय हे विचारायला हवं, पण तो हक्क मला उरलाय की नाही कोण जाणे.

फोन तुम्ही उचलत नाही. तुमच्यावरची चौकशी संपेपर्यंत साक्षीदाराने तुम्हाला भेटायचं नाही, असं ऑफिसने मला लेखी दिलंय. पत्र लिहायचं नाही असं त्या कागदात कुठे नाही; मी तीनदा वाचला. तुमच्या भावाच्या हाती देणार नव्हते, ते वाटेत वाचतील. म्हणून कामावर जाता जाता मीच दाराखालून सरकवणार आहे. पाकिटाच्या जोडावर सही केली आहे. सही तुटलेली दिसली तर समजा, आधी कोणीतरी उघडलंय. हसा हवं तर. खिशात मीटर आणि डोक्यातही मीटर म्हणून माझं नाव 'मीटर' तुम्हीच पाडलंत, आता सगळा कारखाना त्याच नावाने हाक मारतो.

मुद्द्यावर येते. कारखान्यात माझ्या पाठीमागे काहीतरी शिजतंय.

गेल्या आठवड्यात नवा एप्रन आणायला स्टोअरमध्ये गेले. स्टोअरवाला म्हणतो, "जुना जमा करा, मग नवा." मी म्हटलं, जुना फाटला, टाकून दिला. तो म्हणाला, "मग तसं लिहून द्या, कधी टाकला, कुठे टाकला." माझ्या फाटक्या एप्रनची एवढी काळजी त्याला कधीपासून? मी नवा न घेताच परत आले. दोन दिवसांनी जेवून आले तर रिपेअर टेबलावरचे डागकाका माझ्या हत्यारांच्या पिशवीत वाकून बघत होते. तुमचे लाडके डागकाका, वायरींना सोल्डरचे डाग देऊन देऊन ज्यांच्या बोटांचे ठसे पुसून गेलेत ते. मला बघून म्हणाले, "काही नाही गं, सहज." वन्सं, आपल्या कारखान्यात सहज कोणी कोणाच्या पिशवीत हात घालत नाही. मी संध्याकाळी पिशवीतली सगळी हत्यारं मोजली. एकही कमी नव्हतं, त्यामुळे जास्तच घोर लागला.

हे सगळं तुम्ही करवताय का? स्पष्ट विचारते. एकोणीस वर्षांत जोडलेली माणसं आहेत तुमची तिथे. मी तुमच्या मागून आले, डिप्लोमाच्या जोरावर टेक्निशियन झाले आणि ज्यांनी मला बोट धरून आत नेलं त्यांच्याच मशीनचं पॅनेल उघडायला लागले. कानामागून आली आणि तिखट झाली, असं कॅन्टीनमध्ये बोलतात ते मला ऐकू येतं.

सहा नोव्हेंबरचं तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी माझ्या बाजूने एकदा मांडते, कारण चौकशीत मला फक्त 'हो की नाही' एवढंच विचारलं.

तुमचं मशीन शेवटचं. ब्रेकसाठी चाकाचा वेग मोजणारा प्रत्येक सेन्सर त्यातून जायचा, पास झाला तर खोक्यात, नापास झाला तर कुलूपबंद पेटीत. आणि मशीन स्वतः शुद्धीवर आहे की नाही हे कळायला आपला 'नाठाळ'. लाल रंग फासलेला, आतून मुद्दाम बिघडवून ठेवलेला सेन्सर. शिफ्ट सुरू होताना तो घालायचा, आणि पॅनेल उघडून दुरुस्ती केली तर त्यानंतरही घालायचा. मशीनने त्याला नापास केलं म्हणजे मशीन शहाणं. पहिल्या दिवशी तुम्हीच मला तो हातात देऊन म्हणाला होतात, "घरातला एक नाठाळ ओळखता आला पाहिजे, मग बाकीची फिकीर नाही."

त्या दुपारी मशीन चांगले सेन्सरही नापास करायला लागलं. मला बोलावलं. तुम्हाला तोवर दुसऱ्या लाइनवर बसवलं. मी पॅनेल उघडलं, वाकलेली पिन शोधली, बदलली, पॅनेल लावलं, नाठाळ घालून पाहिला, नापास झाला, चार वाजून दहा मिनिटांनी तक्त्यावर सही केली आणि गेले. तुम्ही परत येऊन काम सुरू केलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या शिफ्टला नाठाळ पास झाला. मला धावत बोलावलं, पॅनेल उघडलं, तर आत दोन टोकांमध्ये बोटभर निळी वायर अडकवलेली. ज्या चाचणीत माल बाद होतो, नेमकी तीच चाचणी त्या वायरीने झाकली होती. तुमच्या शिफ्टचा सगळा माल अडवून पुन्हा तपासला, त्यात सात सेन्सर खराब निघाले. गाडीत बसले असते तर ओल्या रस्त्यावर कोणाचा तरी ब्रेक फसला असता.

पॅनेलची किल्ली दोघींकडेच. चार-दहानंतर तुमच्या मशीनवर एकही सेन्सर बाद झाला नव्हता. आणि सगळ्यात जास्त बाद माल तुमचाच निघतो म्हणून साहेब आदल्याच आठवड्यात तुम्हाला चारचौघांत बोलले होते. तुम्हाला घरी बसवलं ते यावरून. मी कोणाचं नाव घेतलं नाही. जे होतं ते सांगितलं. माझ्या चाचणीच्या वायरी पिवळ्या, त्यांना लाल शेपूट लावलेलं असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. ही निळी, पांढऱ्या रेघेची. "ही कुठे पाहिली आहे का?" असं साहेबांनी विचारलं, तेव्हा म्हटलं, अशी वायर वन्संच्या दाराच्या बेलला आहे. यात खोटं काय बोलले?

तुम्ही केलंत असं मी अजूनही म्हणत नाही. पण मग केलं कोणी?

उत्तर द्यायचं तर दाराखालून अर्धा कागद बाहेर सरकवून ठेवा. मी रोज सकाळी बघत जाईन.

तुमची,
भावजय


ता. १३ फेब्रुवारी, गुरुवार

ती. वन्सं,

नमस्कार. नऊ दिवस तुमच्या दारावरून जातेय. कागद नाही. पाकीट तुम्हाला मिळालं हे नक्की, कारण दुसऱ्या दिवशी उंबऱ्याखाली काही दिसलं नाही. वाकून बघताना खालच्या मजल्यावरच्या बाईने मला पाहिलं आणि "काही हरवलं का?" असं विचारलं. मी म्हटलं, कानातलं.

आईंचं औषध बदललंय, आता जरा आराम आहे. घराला रंग काढायचं तुमच्या भावाच्या डोक्यात आहे. हे अशासाठी लिहिते की पत्रात घरचं काही तरी असावं.

चौकशीची शेवटची तारीख २४, सोमवार, हे तुम्हालाही कळवलं असेलच. त्या दिवशी एक तर तुम्हाला परत घेतील, नाही तर कायमचं काढतील, तेही असा शेरा मारून की दुसरा कोणी दारात उभं करणार नाही. एकोणीस वर्षं. मला हे कळत नाही असं समजू नका. मी त्यासाठीच धडपडतेय.

माझं डोकं साहेबांवर आहे. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा माणूस, पण घड्याळ मात्र त्याला बरोबर दिसतं. त्या दिवशी लाइन चाळीस मिनिटं बंद होती तर चाळीस वेळा येऊन गेला. माल कमी पडला की त्याला वरून बोलणी बसतात. मशीनने काहीच बाद केलं नाही तर सगळ्यात जास्त फायदा कोणाचा? विचार करा. किल्लीचं म्हणाल तर त्याच्या कपाटात सगळ्या पॅनेलच्या जोडकिल्ल्या नसतील कशावरून? मी परवा मुद्दाम त्याच्या कपाटापाशी रेंगाळले. त्याने चष्मा खाली घेतला आणि विचारलं, "मीटर, काही हवं होतं?" मी म्हटलं, पेन. पेन माझ्या खिशाला लावलेलंच होतं, आणि ते त्याला दिसलं.

पण त्याने तुमच्याच बेलसारखी वायर कुठून आणली हे मात्र मला जुळवता येत नाही. तिथे गाडी अडते.

आता ऐका. सोमवारी डागकाका आले आणि म्हणाले, "तुझा कटर दे जरा दोन दिवस." तुम्हाला आठवत असेल, माझ्या कटरच्या पात्याला खाच आहे, त्याने कापलेल्या प्रत्येक वायरीच्या टोकावर बारीक उंचवटा राहतो. आपले रिपेअरवाले त्यावरून ओळखतात की हे मीटरने कापलंय. मी म्हटलं, "कशाला?" ते म्हणाले, "हवाय." चारचौघांत नाही कशी म्हणणार? दिला. दिल्यापासून अन्न गोड लागत नाही.

आणि काल जेवताना तुमचे भाऊ. तोंडात घास, नजर ताटात, आणि विचारतात, "ताईच्या बेलची वायर तू कुठून आणली होतीस?" तीन महिन्यांत मला विचारलेला पहिला लांबलचक प्रश्न तो हा. मी म्हटलं, "का?" तर म्हणे, "बेल बंद पडलीय. ताई म्हणाली, तिला येऊन बघायला सांग." म्हणजे हे तुमच्याकडे येतात, मला पत्ता नाही. आणि तुम्ही मला बोलावताय, जिचं तोंड बघायचं नाही तिला, तेही चौकशीच्या दहा-बारा दिवस आधी, तेही नेमक्या त्या बेलसाठी. वन्सं, मी दूधखुळी नाही. मला त्या वायरीसमोर उभं करायचं, कोणाला तरी साक्षीला आत बसवायचं आणि मग विचारायचं, असा बेत आहे ना? येणार नाही मी. कागदाने मनाई आहे.

हो, बेल मी बसवली होती, रविवारी, तीन नोव्हेंबरला. तुमच्या स्टुलावर चढून. ते कोणी मला विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. बसवली म्हणून काय झालं? वायर बाजारात सगळ्यांना मिळते. उरलेला तुकडा कुठे गेला हेही कोणी विचारलं नाही.

माझी सही तक्त्यावर आहे, चार-दहाची. 'नाठाळ तपासला: हो. निकाल: नापास.' त्या सहीच्या वेळी मशीन ठीक होतं. सही आहे म्हणजे आहे. त्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. हे मी आधीच्या पत्रातही लिहिलं होतं, तरी पुन्हा लिहिलं.

आई झोपेतून हाक मारताहेत. थांबते.

भावजय

मागाहून: पत्र बंद करण्याआधी पुन्हा वाचलं. "उरलेला तुकडा" हे शब्द खोडावेसे वाटले. खोडले तर खोडलेलं दिसतं, म्हणून ठेवले.


ता. २२ फेब्रुवारी, शनिवार

वन्सं,

आज कुशल वगैरे काही लिहीत नाही. काल दुपारी तुमच्याकडून निघाले ते सरळ घरी आले नाही. चौकातल्या बाकावर बसून राहिले. बस येत होत्या, जात होत्या. तुमच्यासमोर बसून जे तोंडातून निघालं नाही ते आता लिहिते. तुम्ही एकटीनेच बसून वाचा.

काल मी का आले ते आधी सांगते. गुरुवारी डागकाकांनी कटर परत दिला. पात्याची खाच घासून काढली होती, धार लावली होती, मुठीवर नवीन रबर चढवलं होतं. म्हणाले, "पिशवीत बघितला तेव्हाच मनात आलं होतं. तुझी बोटं बघ कशी सोलली आहेत, या खाचेने जोर लावावा लागतो. तुझी वन्सं इथे होती तेव्हा तीच आठवण करायची मला, पोरीचा कटर लावून दे म्हणून." मी विचारलं, "आणखी काही नाही ना काका?" ते म्हणाले, "आणखी काय असणार?" मग मी स्टोअरमध्ये गेले. भिंतीवर पाटी होती, 'जुना एप्रन दिल्याशिवाय नवा मिळणार नाही', आणि पाटी इतकी जुनी की कडा पिवळ्या पडलेल्या. बारा वर्षांत मी प्रत्येक वेळी जुना देऊनच नवा घेतलाय. मलाच आठवलं नव्हतं. साप साप म्हणून भुई धोपटत बसले होते मी. माझ्यावर कोणी नजर ठेवली नव्हती, वन्सं. कोणाला माझा संशयही आलेला नव्हता.

तेव्हा वाटलं, मग बेलही खरंच बंद असेल.

तुमचं दार नुसतं लोटलेलं होतं. "ये गं मीटर, बेल वाजत नाही म्हणून उघडंच ठेवते," असं तुम्ही आतून म्हणालात. मी दाराआड पाहिलं, मोरीत पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, कोणी साक्षीदार लपलाय का म्हणून. तुम्ही बघत होतात. तेच स्टूल तुम्ही पुढे केलंत आणि दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिलात. बेलचं झाकण उघडलं तर एक स्क्रू ढिला झालेला, बाकी काही नाही. दोन मिनिटांचं काम. बेल वाजली तेव्हा तुम्ही म्हणालात, "बघ, घरचं माणूस ते घरचं." माझी दोन्ही पत्रं तुमच्या उशापाशी होती, जोडावरची सही न तुटलेली. उघडलीच नव्हती तुम्ही. "तू चिडून काहीबाही लिहिलं असशील, चौकशी संपली की वाचीन म्हटलं, उगाच मनात अढी नको," असं म्हणालात. नऊ सकाळी मी त्या उंबऱ्यापाशी वाकत होते.

मग चहा टाकलात. आणि पाठ माझ्याकडे करून जे बोललात ते मी शब्द न शब्द लिहिते, कारण ते माझ्या कानातून जात नाही.

"मला बाकी कोणाचा राग नाही गं. साहेबांनी विचारलं, भावजयीशी काही वाकडं आहे का? म्हटलं, मुळीच नाही, तिची सही म्हणजे सही. फक्त एक कळत नाही. ती वायर माझ्या घरातली आहे, मग तिथे गेली कशी? मी सगळं घर उपसलं. तू बेल बसवलीस त्यातली उरलेली वायर घरात कुठेच नाही. म्हणजे मीच खिशात घालून नेली असणार. आणि मला आठवत नाही. मी ते पॅनेल उघडलं असेन का? बोलणी बसली होती, डोकं ठिकाणावर नव्हतं. माणसाच्या हातून होतं. आताशा गॅस बंद केला की चार वेळा उठून बघते. सोमवारी म्हणणार आहे, माझ्याच हातून झालं असेल, लिहून घ्या आणि संपवा. तीन महिने मी माझ्यावरच पहारा ठेवलाय, थकले मी."

मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, उशीर होतोय. एवढंच म्हटलं मी. जिन्यात पोचेपर्यंत तुम्ही मागून बेल दोनदा वाजवून पाहिलीत.

वन्सं, तुम्ही काही केलेलं नाही. तुमची आठवण शाबूत आहे. वायर मी नेली आणि मीच लावली.

रविवारी बेल बसवून उरलेली वीतभर वायर मी एप्रनच्या खिशात टाकली. एप्रन धुवायला घरी न्यायचा म्हणून पिशवीतच होता, आणि तो न धुताच मी पुन्हा कामावर घातला. बुधवारी दुपारी तुमचं मशीन बिघडलं. पिनमध्ये दोष आहे की आतल्या सर्किट कार्डात, हे बघायला ती चाचणी पाच मिनिटं झाकावी लागते. त्यासाठीच माझ्या पिवळ्या वायरी असतात, लाल शेपूट पॅनेलच्या दाराबाहेर लोंबतं, म्हणजे ती काढल्याशिवाय दार लागत नाही. त्या दिवशी पिवळीचा चिमटा तुटला होता. स्टोअर लांब. साहेब घड्याळ बघत उभे. खिशात हात घातला तर निळी हाताला लागली. बोटभर कापली, लावली, दोष पिनमध्ये सापडला, पिन बदलली. निळीला शेपूट नव्हतं. दार निमूट लागलं.

नाठाळ घातला असता तर तिथेच कळलं असतं. मी घातला नाही. त्याच्या पेटीपर्यंत दहा पावलं होती. साहेब म्हणाले, "चाळीस मिनिटं झाली, सोड आता." त्यांनी मला सही खोटी कर असं सांगितलं नव्हतं, तेवढं पाप त्यांच्या माथी नको. मी 'हो' लिहिलं, 'नापास' लिहिलं, वेळ टाकली आणि सही केली. मग तुम्ही येऊन त्या आंधळ्या मशीनवर शिफ्टभर बसलात. बाद माल शून्य दिसला तेव्हा तुम्हाला काय वाटलं असेल? बरं वाटलं असेल. बोलणी खाल्ल्यावर आज चांगला दिवस गेला, असंच वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी पॅनेल उघडून ती वायर पाहिली तेव्हा मला आठवलं नाही, हे खरं आहे. हे तरी खरं माना. लाल शेपूट नाही म्हणजे माझी नाही, एवढंच डोक्यात आलं. मग रंग ओळखला, बेल आठवली, आणि बेलवरून तुम्ही आठवलात. बेल कोणी बसवली हे नाही आठवलं. मला नेहमी दुसऱ्यांचंच आधी आठवतं.

आठव्या दिवशी एप्रन भिजवायला काढला आणि खिशातून उरलेला तुकडा निघाला. न्हाणीघरात उभी राहिले. बादली भरून वाहत होती. त्या क्षणी मला सगळं कळलं, पिवळीच्या तुटक्या चिमट्यापासून सगळं. तुम्हाला घरी बसवून तेव्हा चार दिवस झाले होते. तेव्हाच धावत गेले असते तर चूक होती, माणसाची चूक. मी तो तुकडा शिवणाच्या डब्यात बटणांखाली ठेवला आणि एप्रन फाडून टाकला. त्या दिवसापासून ते चुकीत मोजता येत नाही.

त्यानंतरचे सगळे दिवस मी एकेकावर संशय घेत फिरले. खाई त्याला खवखवे म्हणतात ते मी अनुभवलं. साहेबांच्या कपाटाचं मी तुम्हाला लिहिलं, ते मला खरं वाटलं म्हणून नव्हे. त्यांचं नाव चौकशीत घालता येतं का, हे मी तुमच्यावर तपासून बघत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन झालीच होती, आता दुसरा संन्यासी शोधत होते. मला माझी शिसारी येते. आणि तरीही, खरं सांगते, कालपर्यंत यातलं काही कबूल करायचा माझा विचार नव्हता. तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या तर मी आजही गप्प बसले असते. तुम्ही स्वतःवरच संशय घ्यायला लागलात, तिथे माझं सगळं संपलं.

सोमवारी सकाळी मी सांगणार आहे. तुमच्या भावाला आज सकाळी सांगितलं. ते म्हणाले, "ताईला आधी सांग." आणि माझ्यासाठी कागद शोधून आणला. ते मला सोडतील की ठेवतील, माहीत नाही. नोकरी जाईल, ती जायलाच हवी. खोट्या सहीचा टेक्निशियन ब्रेकच्या मालापाशी नको. तुम्ही मला क्षमा करावी असं मी मागत नाही. तेवढा हिशोब मला कळतो.

मागते ते वेगळंच. मी आयुष्यभर जगावर संशय घेतला, एका माणसावर घ्यायचा राहून गेला. माझा माझ्यावर भरवसा नाही. सोमवारी त्या टेबलासमोर बसले, साहेबांनी चष्मा खाली घेतला, आणि ऐन वेळी माझी जीभ टाळ्याला चिकटली तर? बटणांखाली तुकडा लपवणारी बाई ती मीच. म्हणून हे पत्र तुमच्याकडे राहू द्या. मी बोलले नाही, तर तुम्ही गप्प बसू नका. 'माझ्याच हातून झालं असेल' हे वाक्य तुम्ही उच्चारायचं नाही. हे पत्र त्यांच्यासमोर ठेवायचं.

वायरीचा तुकडा खाली टेपने चिकटवला आहे, टेपवर माझी सही आहे. याचं एक टोक तुमच्या बेलमधल्या टोकाशी जुळेल. दुसरं टोक ऑफिसच्या पाकिटात ठेवलेल्या बोटभर वायरीशी जुळेल. तिन्हीवर जुन्या कटरच्या खाचेचा उंचवटा आहे. कटरची खाच आता गेली आहे, पण डागकाका ओळखतील.

माझी आधीची दोन पत्रंही आता उघडा. वाचून झाली की तीही सोबत ठेवा. मी कशी बोलते हे त्यांना कळेल.

दार उघडं ठेवत जाऊ नका. बेल वाजते आता.

तक्ता, ता. २२ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.
नाठाळ तपासला: हो, या वेळी खरंच.
निकाल: नापास.
सही: तुमची भावजय